क्रेनचं वय वर्षांत मोजू नका

रबाळे एमआयडीसीत दहा टनी ईओटी क्रेन (छताखाली रुळांवर फिरणारी विजेची क्रेन) तपासायला गेलो की मालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, अजून किती वर्षं चालेल?" मी उलट विचारतो, रोज काय उचलता आणि किती वेळ?

होइस्टची, म्हणजे क्रेनच्या भार उचलणाऱ्या यंत्रणेची, झीज भाराच्या घनाच्या प्रमाणात धरतात. म्हणजे निम्म्या भाराने आठ तास चाललेला होइस्ट पूर्ण भाराच्या एका तासाइतकाच झिजतो. एम-५ या वापर-वर्गाच्या होइस्टला 'फेम' या युरोपीय संघटनेच्या नियमांनुसार पूर्ण भाराचे १६०० तास मिळतात. त्यामुळे रोज क्षमतेएवढी डाय (जड साचा) उचलणारी नवी क्रेन, अधूनमधून दोन टन उचलणाऱ्या जुन्या क्रेनच्या आधी थकते. तास संपले म्हणजे लगेच भंगार नव्हे. गिअर, बेअरिंग उघडून जनरल ओव्हरहॉल करायचं आणि पुढचे तास नव्याने ठरवायचे.

हिशेब अडतो लॉगबुकपाशी. ते बहुधा कोरंच! मग मी ऑपरेटर मामांजवळ बसतो. कोणत्या पाळीत किती फेऱ्या, कोणता जॉब सगळ्यात जड, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांची माहिती मला फार मोलाची वाटते.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ च्या कलम २९ नुसार १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी करावीच लागायची. पण तपासणीच्या प्रमाणपत्रावरून उरलेलं आयुष्य कळत नाही. खाली माणसं काम करत असतात हो! नवा होइस्ट घेताना चाललेले तास मोजणारा अवर मीटर मागून घ्या. भारही नोंदवणारा रेकॉर्डर मिळाला तर आणखी चांगलं.