रकान्यातली आई

शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा

निवृत्तीला पंधरा दिवस राहिले, म्हणून आज ऑफिसचं कपाट उपसायला घेतलं. खालच्या खणात वाचनचाचणीचं जुनं कार्ड सापडलं. कोपरे दुमडलेले, मधोमध मोठ्या अक्षरांत एकच वाक्य. गोवंडीत साक्षरतेच्या पाहणीसाठी असली कार्डं घेऊन आम्ही दारोदार हिंडायचो. कार्ड हातात दिलं की कितीतरी जणी म्हणायच्या, "चष्मा नाहीये हो आत्ता." मी त्यांना सरळ 'वाचता येत नाही'त टाकायचे. तेव्हा माझं वय सव्वीस, नजर शाबूत!

कार्ड द्यायचं कुणाला, हेही ठरवावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ला सहावी झालेली बाई न तपासता साक्षर धरली. २०१९-२१ला ती मर्यादा नववीवर नेली. म्हणजे सातवी पास बाईच्या हातात आधी कार्ड गेलंच नसतं, नंतर गेलं असतं. बाई तीच.

जनगणनेत तर कार्डही नाही. २०११च्या फेब्रुवारीत प्रगणक बाई लालबागला आमच्या खोलीत आल्या. "आजी, लिहिता-वाचता येतं?" आई म्हणाली, "येतं की." झाली खूण, पुढचा प्रश्न. वय सात किंवा त्याहून जास्त, कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येतं तो साक्षर, ही व्याख्या मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. तरी शेजारी गप्प बसून राहिले. चारचौघांत आईला खोटं पाडू? देशाची साक्षरता ७३ टक्के भरली, त्यात आई आहे.

तिला सही येते. बेस्टच्या पाटीवरचा मराठी आकडा ती माझ्याआधी ओळखते. वीस बायकांची भिशी तोंडी सांभाळलीय, एका रुपयाची चूक नाही. पेपर मात्र माझ्याकडे सरकवते. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या 'पियाक' या प्रौढांच्या कौशल्यचाचणीत वाचन आणि आकडेमोड वेगवेगळी मोजतात, हो-नाही न विचारता पातळ्या लावतात. तिथे आईचं खरं चित्र उमटलं असतं. पण ती चाचणी सोळा ते पासष्ट वयाची.

कार्ड घरी आणलं. जेवणानंतर, चष्मा पुसून देऊन, आईच्या हातात ठेवलं. तिने बराच वेळ निरखलं, मग उलटं केलं. "पाठ कोरी आहे की," म्हणाली आणि पेन मागून दुधाचा हिशेब मांडायला बसली.