बोटीतला रिसीव्हर: बंद डबा की कोटिंग?

रिमोटवर चालणाऱ्या माझ्या बोटीचा हल (बाहेरचं अंग) रंगवून झाला, शाफ्ट बसला, मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्याही जोडल्या. रडर, म्हणजे सुकाणू, वळवणारी छोटी मोटर (सर्व्हो) जागेवर आहे. घोडं अडलं होतं ते रिसीव्हरवर, म्हणजे हातातल्या ट्रान्समिटरचे सिग्नल पकडणाऱ्या भागावर. बोट साधारण ७० सेंटीमीटरची, ब्रशलेस मोटरची, एकाच हलची. अशी बोट वेगात वळताना कधीतरी उलटणार हे धरूनच चालायचं. उलटली की हॅचच्या (डेकवरच्या झाकणाच्या) टेपखालून थोडं पाणी आत येतंच. शिवाय उलट्या बोटीत डेक खाली जातो, म्हणजे उंचावर सुरक्षित म्हणून डेकखाली चिकटवलेला रिसीव्हर सगळ्यांत आधी त्या पाण्यात. त्यामुळे साधा रिसीव्हर फोमच्या टेपवर लावून देवावर हवाला ठेवायचा नाही, एवढं पहिल्यापासून पक्कं होतं.

वॉटरप्रूफ हा शब्द खोक्यावर छापायला कुणाचीच हरकत नसते, म्हणून आधी आयपी रेटिंग (धूळ आणि पाणी किती अडतं ते सांगणारे दोन आकडे) शोधलं. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा. ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी, ५ म्हणजे नळीतून सोडलेली धार, ७ म्हणजे १ मीटरपर्यंत खोल पाण्यात ३० मिनिटं. पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर धुळीचं रेटिंग दिलेलं नाही एवढंच. बोटीला त्याचं काही नाही. पण ७ मिळालं म्हणून ५ आपोआप मिळत नाही, या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. आपल्याकडे दोन्ही प्रसंग येतात. उलटली तर बुडणं, आणि कूलिंगची नळी निपलवरून निसटली तर हलच्या आत थेट धार.

७ च्या चाचणीत आणखी एक अट असते. पाण्याच्या आणि वस्तूच्या तापमानात ५ अंशांहून जास्त फरक नसावा. बोटीत नेमकं याच्या उलट घडतं. ईएससीच्या शेजारी तापलेला बंद डबा अचानक गार पाण्यात जातो, आतली हवा आकसते आणि सीलमध्ये जराशी फट असली तरी डबा पाणी ओढून घेतो. सगळं नीट बंद होतं तरी आत थेंब कुठून आले, या नेहमीच्या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्यातली, त्यामुळे खाऱ्या पाण्याबद्दल त्या आकड्यावरून काहीच ठरवू नये. रेटिंगच नसेल, नुसतं थेंबाचं चित्र असेल, तर मी तो रिसीव्हर उडत्या पाण्यापुरताच धरतो.

पर्याय तसे तीनच. साधा रिसीव्हर आणि झाकणाला रबरी सील असलेला रेडिओ बॉक्स. केसच सीलबंद असलेला रिसीव्हर. किंवा आतल्या बोर्डवर पाणी अडवणारं पातळ कोटिंग मारलेला पण पिना उघड्या असलेला रिसीव्हर.

रेडिओ बॉक्स माझ्याकडे होताच, म्हणून सुरुवात तिथून. रिसीव्हरच्या जागी आत टिश्यू पेपर पसरला, तारा नेहमीसारख्या बाहेर काढल्या, झाकण आवळलं आणि डबा दगड ठेवून रात्रभर बादलीत बुडवला. तारांची बाहेरची टोकंही पाण्यात सोडली होती. सकाळी झाकणाच्या कडेला टिश्यू कोरडा ठणठणीत होता. ओला डाग होता तो तारा आत येतात तिथे, आणि दुसरा एक छोटा गोल डाग भलतीकडेच, सर्व्होच्या प्लगखाली. पहिला डाग समजण्यासारखा आहे: तीन तारा शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांच्यामधल्या खाचा फोम भरून काढत नाही, तिथे ग्रीस भरावंच लागतं. दुसरा जास्त बोलका. पाणी तारेच्या बाहेरून आलेलंच नव्हतं. इन्सुलेशनच्या आत, तांब्याच्या बारीक केसांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं ते चढलं होतं. तार पाण्यातल्या टोकाला उघडी असेल किंवा मध्ये कुठे कापली गेली असेल, तर डबा कितीही चांगला असो, पाणी तारेच्या पोटातून थेट रिसीव्हरच्या दारात येतं. जुन्या बोटीतली एखादी तार सोलून बघा, तांबं लखलखीत असण्याऐवजी काळं-हिरवं निघालं तर तो हाच मार्ग. आता प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवली आहे, आणि रिसीव्हरच्या आधी प्रत्येक तारेला खाली झोल दिला आहे, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं.

ग्रीस भरल्यावर डबा टिकला. तरी तो मनातून उतरला, कारण आतली दमट हवा. झाकण लावताना हवेत जेवढा ओलावा असेल तेवढा आत कोंडला जातो. ईएससीच्या उष्णतेने डबा गरम, पाण्याला टेकलेला हल गार. बोट थांबली की आतल्या गार पडलेल्या भिंतीला दव धरतं. सिलिका जेलची पुडी मदत करते, पण ती सुकवायची आठवण ठेवणं हे आणखी एक काम. फुग्यात रिसीव्हर घालून तोंड आवळायची जुनी युक्ती मला याच कारणासाठी पटत नाही. आत गेलेला थेंब बाहेर यायला वाटच नाही.

सीलबंद केसवाले रिसीव्हर चांगले असतात, यात वाद नाही. पण त्यांतले बरेचसे चिखलात पळणाऱ्या गाड्यांसाठी केलेले, ३ किंवा ४ चॅनलचे (एका चॅनलवर एक काम). मला थ्रॉटल (मोटरचा वेग), रडर आणि पाणी उपसायच्या पंपासाठी एक, एवढेच चॅनल हवेत, त्यामुळे ती अडचण नव्हती. अडचण ट्रान्समिटरची. रिसीव्हर त्याच्याच प्रोटोकॉलचा (सिग्नलच्या भाषेचा) हवा, आणि एकाच कंपनीचं नाव असलं म्हणून भागत नाही. फ्लायस्कायचा एएफएचडीएस २ए आणि एएफएचडीएस ३, फुताबाचा एस-एफएचएसएस आणि टी-एफएचएसएस, हे वेगवेगळे. ट्रान्समिटरच्या मेनूत कोणकोणते प्रोटोकॉल आहेत ते आधी बघावं, मग वॉटरप्रूफचं. माझ्या ट्रान्समिटरशी जमणाऱ्या सीलबंद रिसीव्हरला थ्रॉटलचा फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) हवा तसा लावता येत नव्हता, म्हणून तो बाद.

याबाबतीत मी हट्टी आहे. भिजून बंद पडलेला रिसीव्हर बदलता येतो. सिग्नल गेल्यावर शेवटचा थ्रॉटल धरून ठेवणारा रिसीव्हर मात्र बोट पूर्ण वेगात कुणाच्या तरी अंगावर घालू शकतो. सिग्नलच आला नाही तर बहुतेक ईएससी मोटर बंद करतात, हे खरं. पण रिसीव्हर स्वतःच जुना पल्स (थ्रॉटलचा हुकूम) पाठवत राहिला तर ईएससीला सगळं आलबेलच दिसतं. फेलसेफमध्ये थ्रॉटल न्यूट्रलला, बहुधा १५०० मायक्रोसेकंदांच्या पल्सच्या आसपास, आणि रडर किंचित वळवलेला असं ठेवलं आहे. प्रॉपेलर काढून ट्रान्समिटर बंद करून पाहिलं, मोटर थांबली.

शेवटी कोटिंगवाला निवडला, आणि त्यावर घरी आणखी एक थर दिला. केस उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, पूर्ण वाळू दिला. जुन्या सर्व्होचे कापलेले प्लग पिनांवर बसवले, म्हणजे पिनांना कोटिंग लागत नाही. बाइंडच्या (ट्रान्समिटरशी जोडी जुळवायच्या) बटणावर टेपचा तुकडा. मग ब्रशने अॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंग. सिलिकॉनचं कोटिंग जास्त लवचीक असतं, पण अॅक्रिलिक द्रावकाने काढता येतं, त्यावरून सोल्डरही करता येतं, म्हणून माझी पसंती अॅक्रिलिकला. दोन्हींत यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग असलेली मिळतात, तीच घ्यावीत. खोलीतला दिवा बंद करून यूव्ही टॉर्च मारला तर सगळा बोर्ड निळसर उजळला, फक्त प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात तीन-चार पाय काळेच राहिले होते. साध्या उजेडात तो भाग ओला, चकचकीत, अगदी झाकल्यासारखा दिसत होता. रेडिओच्या भागावरच्या पत्र्याच्या झाकणाला हात लावला नाही, आणि सबंध बोर्ड इपॉक्सीत बुडवायच्या फंदात पडलो नाही. पुढे दुरुस्तीचा मार्गच बंद होतो. दुकानातलं साधं सिलिकॉन सीलंटही नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि तांबं खातं. लागलंच तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं.

पिना मात्र कोटिंगने वाचत नाहीत. प्लगमध्ये मधली पिन पॉझिटिव्ह, एका बाजूला निगेटिव्ह, दुसऱ्या बाजूला सिग्नल, आणि सगळ्या अडीच मिलिमीटरवर. खारं पाणी साचलं की पॉझिटिव्ह पिनेचा धातू झिजायला लागतो आणि त्याआधीच सर्व्हो थरथरतो. प्लगच्या तोंडात डायलेक्ट्रिक ग्रीस भरून प्लग दाबून बसवायचा. धातू धातूला टेकतो तिथून ग्रीस बाजूला सरकतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर स्वच्छ पाण्याने धुणं, मग अल्कोहोल, मग हॅच उघडी ठेवून सुकवणं, याला पर्याय नाही.

रेडिओ बॉक्स काढला नाही. सील काढून, तळाला छिद्र पाडून तो नुसता आडोसा म्हणून ठेवला आहे. धार आली तर त्याच्यावर येईल, आत गेलेलं पाणी निघून जाईल.

अँटेना: २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे कोअॅक्सच्या (अँटेनाच्या तारेच्या) टोकाचा उघडा, तरंगलांबीच्या पाव भागाएवढा ३१ मिलिमीटरचा तुकडाच खरं काम करतो. तो पाण्याच्या पातळीच्या वर, डेकबाहेर, उभ्या प्लॅस्टिक नळीत घातला आहे. नळीचं वरचं टोक बंद, कारण कोअॅक्सच्या कापलेल्या टोकातूनही पाणी चढतं. ही फ्रिक्वेन्सी पाण्याखाली काही सेंटीमीटरांतच विरायला लागते. पाणबुडीवाले अजून २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झचे जुने सेट जपून ठेवतात ते यासाठी. हल कार्बन फायबरचा असेल तर अँटेना आत ठेवायचा विचारही नको.

रेंज टेस्ट टेबलावर ठीक आली, पण तिला मी अजून धरत नाही. टेबलावर अँटेना कमरेच्या उंचीवर असतो, पाण्यात जेमतेम वीतभर. आता बॅटरी घालून, हॅच टेप लावून, काठाशी तरंगत्या बोटीवर कमी पॉवरच्या मोडमध्ये ती पुन्हा घ्यायची आहे, आधी बोट माझ्याकडे नाक करून आणि मग आडवी. त्यात सिग्नल तुटला तर नळी आणखी ५ सेंटीमीटर उंच करायला जागा ठेवली आहे.