मुतखडा फोडता, मग झडप का नाही?

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या इको-कक्षात (हृदयाची सोनोग्राफी करतात तिथे) गेल्या उन्हाळ्यात काटोलकडचे ऐंशी ओलांडलेले एक संत्रा बागायतदार मुलाच्या आग्रहाखातर आले; बागेत चालताना घेरी येऊन पडलो, एवढेच त्यांना सांगण्यासारखे वाटत होते. पडद्यावर महाधमनीची झडप कॅल्शियमने पांढरी पडलेली दिसली. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते, ही जेमतेम ०.६ उघडत होती आणि तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक ५२ मिलीमीटर (पारा) भरला. हा आकडा ४० च्या पुढे गेला आणि सोबत घेरी आली, की आजार तीव्र असतो आणि थांबण्यात धोका असतो.

मुलाने मोबाइल पुढे केला : छाती न उघडता, नळीही न घालता, ध्वनिलहरींनी झडप मोकळी करतात म्हणे. त्यावर बाबाजी म्हणाले, "मुतखडा फोडता न तुम्ही? मंग हे काहून नाही फोडत?"

प्रश्न नेमका होता. मुतखड्याचे तुकडे लघवीवाटे निघून जातात. या झडपेचा तुकडा सुटला तर तो रक्तासोबत मेंदूत पोहोचून पक्षाघात होऊ शकतो. म्हणूनच पॅरिसच्या कार्डियावेव्ह कंपनीचे यंत्र कॅल्शियमचा चुरा करण्याऐवजी, छातीवरून अल्ट्रासाउंडचे अतिशय आखूड पण तीव्र स्पंद झडपेवर एकवटून, त्यांतून उठणाऱ्या सूक्ष्म बुडबुड्यांच्या माऱ्याने ताठरलेल्या पाकळ्या मऊ करू पाहते. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या अभ्यासात ४० रुग्ण होते, झडप बदलणे ज्यांना झेपणारे नव्हते असे. पक्षाघात कोणाला झाला नाही, पण सहा महिन्यांनी झडपेचे तोंड सरासरी ०.५८ वरून ०.६४ झाले आणि दाबातला फरक ४१.९ वरून ३८.८ वर आला. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याला हेही थोडके नाही, परंतु ज्याला टावी, म्हणजे मांडीच्या धमनीतून नळीने नवी झडप बसवणे, झेपेल अशा माणसाला मी त्यासाठी थांबवणार नाही.

गोळ्यांचा विषय लवकर आटोपला, कारण कोलेस्टेरॉलच्या औषधांनी हा आजार रोखला जात नाही, हे २००८ च्या 'सीज' चाचणीतच दिसले आहे.

"मृगाच्या आत होईल काय?" एवढेच बाबाजींनी विचारले. सीटी स्कॅनमध्ये मांडीच्या धमन्या पुरेशा रुंद निघाल्या, पावसाआधी टावी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या इकोत दाबातला सरासरी फरक ९ होता.