गुरुवारची रहस्ये

गुरुवार, रात्री.

आज माहेरच्या ओटीवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होती. मे महिना, मरियामातेचा, त्यामुळे रोज एकेका घरी. वहिनीने सुरुवात केली आणि पहिलं रहस्य, म्हणजे माळ म्हणताना मनात आणायचा येशू-मरियेच्या आयुष्यातला प्रसंग, आलं ते यार्देन नदीतल्या बाप्तिस्म्याचं. मग काना गावचं लग्न. प्रकाशाची रहस्ये. कुणाच्याही भुवया उंचावल्या नाहीत. सगळ्यांनी उत्तर दिलं, मीही दिलं. आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

या घरात गुरुवार आनंदाच्या रहस्यांचा, येशूच्या जन्म-बालपणाच्या. आय, माझी आई, होती तोवर होता.

वहिनीचं काही चुकलं असंही नाही. 2002 च्या ऑक्टोबरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्ये दिली, 15 ची 20 झाली, तेव्हापासून गुरुवार त्यांचा आणि आनंदाची रहस्ये सोमवार-शनिवारची. पुस्तकात तसंच छापलंय, लेकीच्या मोबाईलमध्येही तसंच आहे. वसईत सगळीकडे तसंच म्हणतात. आमचंच घर मागे राहिलेलं. मग मला एवढं लागावं का? मला कुणी विचारलं नाही म्हणून? सासरी गेलेल्या मुलीला माहेरच्या रोझरीबद्दल विचारतं कोण!

आयने बाकी सगळे बदल घेतले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मिस्सा, चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आला, तेव्हा ती नवी प्रार्थना घरात सगळ्यांच्या आधी तिला पाठ. एक गुरुवार मात्र सोडला नाही.

कारण तिच्या हातात होतं असं मला वाटतं. माळ घेऊन बसून तिने रोझरी म्हटलीय ती संध्याकाळची, कुटुंबातली. तिची खरी रोझरी पहाटेची, बाजारासाठी मोगऱ्याचा गजरा करताना. केळीच्या सोपटाचा दोरा पाण्यात भिजत टाकायचा, तेवढ्यात विश्वासांगिकार आणि सुरुवातीच्या तीन ‘नमो मरिया’ या प्रार्थना. मग एका नमो मरियेला एक गाठ. गाठीत चार कळ्या, दोन उजवीकडे, दोन डावीकडे, देठ मधे. दर दहा गाठींआधी ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेला मरव्याची एक काडी. पन्नास गाठी, दोनशे कळ्या, पाच काड्या: रोझरी पुरी आणि गजरा बरोबर हातभर. मोजपट्टीची गरजच नाही. तिचा गजरा आखूड भरला तर समजायचं, मधे कुणीतरी तिला बोलायला लावलंय.

गाठ जास्त ओढली तर सोपट देठ कापतं, घरी काही दिसत नाही, दादरला पोचेस्तोवर कळी गळते. सैल राहिली तर गजरा एका टोकाला गोळा होतो. दोरा कोरडा असेल तर तटकन तुटतो, फार ओला असेल तर कळीला तांबूस डाग पडतो आणि गिऱ्हाईक शिळा माल म्हणतं. म्हणून ती दोरा भिजवून फडक्यात पिळून घ्यायची. कळीवर पाणी कधीच मारलं नाही. टोपलीला आतून केळीचं पान, वरून ओलं फडकं, फडक्याने कळ्या दाबायच्या नाहीत.

खुडायचं अंधारात. उन्हं वर आली की कळीचा ताजेपणा जातो, संध्याकाळी मोगरा फुलायला लागतो आणि फुललेल्या फुलाला बाजारात भाव नाही. कळी टपोरी, पांढरीशुभ्र हवी. हिरवट झाक असलेली खुडली तर ती मिटलेलीच सुकते, आणि उद्याचंही नुकसान. थंडीत झाडांचं पाणी तोडायचं, छाटणी करायची, मग शेणखत आणि पाणी, की उन्हाळ्याच्या तोंडाला बहर. त्या वाडीचं पुढे काय झालं ते लिहायला बसले तर रात्र पुरणार नाही. दादाशी ते बोलणं झालेलं आहे.

तर अंधारात, ओल्या हातांनी, पुढे लोकलच्या मालडब्यात लाल लुगड्याचा काचा सावरत, टोपल्यांच्या मधे बसून राहिलेले गजरे पुरे करत. तिथे पुस्तक उघडणार कोण? जे पाठ तेच. आणि नव्या पाचांतलं तिसरं, देवराज्याची घोषणा, डोळ्यांसमोर आणायचं तरी कसं? आनंदाच्या रहस्यांतला देवदूताचा निरोप दिसतो. गरोदर एलिझाबेथकडे डोंगराळ भागात मदतीला निघालेली मरिया तर आयला अगदी दिसायची. तिची स्वतःची अर्धी हयात कुणाकुणाच्या बाळंतपणाला धावण्यात गेली, सुनेच्या दोन्ही. मेथीचे लाडू, शेक, रात्रीची जागरणं. ती वहिनी आज यार्देन नदी सांगत होती.

हे लिहिलं ते बरोबर नाही. वहिनीने आयचे शेवटचे महिने काढले, मी नाही. खोडत नाही, राहू दे.

एकदा धाकट्या नातवाने आजीला टोकलं होतं, धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकून आला होता. तिने गाठ मारता मारता विचारलं, त्या पाचांत मरियामाता कुठेय रे? कानाच्या लग्नात आहे, तो म्हणाला. मग बाकी चारांत ती काय करत होती? पोराला उत्तर आलं नाही. आम्ही हसलो. आजी हट्टी आहे, विषय संपला.

मघाशी जेवणं झाल्यावर पोपचं ते पत्र काढून वाचलं, रोझरीवरचं. लेकीच्याच मोबाईलवर. आणि काय सांगू, पोपनीच लिहिलंय की कानाची घटना सोडली तर या रहस्यांमध्ये मरिया मागेच राहते. जवळजवळ आयचंच वाक्य! पुढे, कोणत्या वारी कोणती रहस्ये हे सांगून झाल्यावर म्हणतात की ही सूचना आहे, खासगी किंवा सामुदायिक प्रार्थनेतल्या योग्य त्या स्वातंत्र्यावर बंधन नाही. म्हणजे इतकी वर्षं आय हट्टी ठरली ती पोपच्या परवानगीने. तिला त्याचा पत्ता नव्हता आणि असता तरी कौतुक नव्हतं. परवानगी मागायला ती कधी कुणाकडे गेली होती?

मला एकटीलाच हसू आलं. मघापासून डोळ्यांत पाणी आणून बसले होते, तीच मी.

आणि वहिनीलाही तेच स्वातंत्र्य आहे, हेही ओघाने आलंच. घर आता तिचं, रोझरीही तिची. तिला प्रकाशाची आवडत असतील. मी विचारलं तरी कुठे?

पुढच्या गुरुवारी पाळी माझ्या सासरच्या घरची आहे. तिथे मी आनंदाची सांगणार. लेक मधेच बोलणार, तेव्हा तिला पत्र दाखवीन. गजऱ्याची सवय मोडलीय, पण मरवा कुंडीत आहे आणि मोगरा अजून मिळतोय, बघू.

एकच अडचण. गुरुवार आनंदाचा केला तर शनिवारी आयसारखी गौरवाची म्हणायची की पुस्तकाप्रमाणे पुन्हा आनंदाचीच, हे काही ठरत नाहीये.