दाणेदार चित्र

मुतखड्याचं सीटी आमच्याकडे रोजचंच. पण परवाची मुलगी जेमतेम विशीची, आणि वर्षभरातला तिचा हा तिसरा स्कॅन. पिशवीतल्या जुन्या फिल्म्स व्ह्यू बॉक्सवर लावल्या तर एकीत निम्मी छाती आलेली! किडनीपासून मूत्राशयापर्यंत बघायचं तर छाती कशाला? नुसती सवय. किरणांचा डोस किती गेला तेही कळेना, कारण डोसचं पान कुणी छापतच नाही. याची मला फार चीड येते.

आईला बाहेर बसवून आधी पाळीची तारीख विचारली. आईसमोर मुली खरं सांगतीलच असं नाही, आणि इथे गर्भाशय थेट किरणांच्या वाटेत असतं. मग टेबलाची उंची. लेझरची रेघ बरोबर कुशीच्या मध्यावर आणली. आमच्याकडे टोपोग्रामला, म्हणजे स्कॅनआधीच्या आखणीच्या चित्राला, एक्स-रे ट्यूब खाली ठेवतो. टेबल खाली राहिलं की पेशंट ट्यूबजवळ येतो, टोपोग्रामात जाड दिसतो आणि ऑटोमॅटिक एमए, म्हणजे मशीनने स्वतः ठरवलेला ट्यूबचा करंट, त्या हिशेबाने वाढतो. नव्या पोरांना हे सांगून सांगून थकले. ट्यूबचा व्होल्टेज 120 ऐवजी 100 केव्ही, करंट कमी, आणि चित्रातले दाणे कमी करणारं इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन चालू. डीएलपी, म्हणजे अख्ख्या स्कॅनच्या डोसचा मशीनने दिलेला आकडा, आला 120; शरीराच्या हिशेबात साधारण 1.8 मिलिसीव्हर्ट. पोटाच्या नेहमीच्या सीटीला याच्या चौपट सहज जातो.

रिपोर्ट देणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी चित्र बघताच कपाळाला आठ्या घातल्या. "किती दाणेदार आलंय! रिपीट कर."

डोस पाव केला की नॉइज, म्हणजे हे दाणे, दुप्पट होणारच, हे त्यांनाही ठाऊक आहे. "मॅडम, एक मिनिट द्या," म्हणत त्याच डेटाचे 3 मिलिमीटर जाडीचे कोरोनल, म्हणजे समोरून बघितल्यासारखे, काप काढून दिले. नॉइज बसला. उजवा युरेटर, म्हणजे किडनीतून येणारी मूत्रनलिका, मूत्राशयात शिरतो तिथेच 4 मिलिमीटरचा खडा, पांढराशुभ्र. रिपीट टळला.

त्यांचा पुढचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. "आणि लिव्हरमध्ये छोटंसं काही असतं तर?"

कदाचित दिसलं नसतं. तिथे फरक मोजक्या एचयूचा (सीटीतल्या करड्या छटांचं माप), तो नॉइजमध्ये बुडतो. पण विचारलं होतं खड्याचं. लिव्हरची शंका आली तर सोनोग्राफी आहेच की. शेवटी रिपोर्टमध्ये 'लो डोस, फक्त खड्यासाठी' एवढं टाकायला त्या तयार झाल्या. डीएलपीही टाका म्हटलं, तर "लोक उगीच घाबरतील." मला हे पटलेलं नाही. आकडा मी पाकिटावर पेनाने लिहून दिला, पण पाकिटं हरवतात. चौथा स्कॅन कुणी करायला घेतला तर त्याला तो रिपोर्टातच दिसला पाहिजे.