ला मोलाच्या माथ्यावर भजी नाहीत

रविवार, १६ नोव्हेंबर

गुडघ्याला बाम चोळून मगच लिहायला बसले. लेक म्हणाली होती, "आई, तू सिंहगड चढतेस ना, मग ला मोला काहीच नाही." उंची ११०४ मीटर, सिंहगडाहून दोनशेनं कमीच. म्हटलं, चला.

बार्सिलोनाच्या मागे सान्त लोरेन्स देल मुन्तचं संरक्षित जंगल आहे, त्यातलं हे शिखर. मातादेपेरा गावापासून चढायचं. वाटेला 'मठातल्या संन्याशांची वाट' म्हणतात. पूर्वी ते सान्त कुगातच्या मठातून इथे येत-जात. चपला घालून येत असतील तर त्यांना माझा साष्टांग नमस्कार. कारण इथला दगड आपल्या काळ्या कातळासारखा नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेले गोलगोटे वाळू-चिखलात थिजून त्याचा डोंगर झालाय, अगदी चिक्कीतले शेंगदाणे. त्यातले सुटलेले गोटे वाटेवर पसरलेले. पाय पडला की सरकलाच.

झाडी मात्र बघत राहावी अशी. सगळीकडे अल्झिना, म्हणजे इथला सदाहरित ओक. पान वरून जाड, चकचकीत; उलटं केलं तर पांढुरकी लव. इथे पावसाची ओढ ऐन उन्हाळ्यात, म्हणून झाडं पाणी असं राखून ठेवतात. एका झुडपाला लाल फळं आणि पांढऱ्या इवल्या घंटांसारखी फुलं एकाच वेळी! जावई म्हणाले, ही फळं गेल्या वर्षीच्या फुलांची, पिकायला वर्ष लागतं. खाली पडलेलं एक पुसून तोंडात टाकलं. खरखरीत, पिठूळ, बेताचं गोड. बोरंच बरी.

मी थर्मासच्या चहाला नावं ठेवली, चूल मांडून केलेल्या चहाची सर कशाला येते, तर लेकीनं डोळे वटारले. १५ मार्च ते १५ ऑक्टोबर जंगलात विस्तव पेटवायला बंदीच असते. ती मुदत संपली असली तरी हा विषय इथे कुणी हसण्यावारी नेत नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये सान्त लोरेन्स साव्हाय गावाकडची बाजू जळली होती, माणसंही गेली.

माथ्यावर १०६४ साली पवित्र केलेलं मठाचं देऊळ आहे. घडीव दगडाचं, आत गार अंधार. पण खरं सांगू? मी आधी खायचं कुठे मिळतं ते शोधलं. गडावर पोचल्यावर पिठलं-भाकरी, गरम भजी, मडक्यातलं दही हा माझा तीस वर्षांचा शिरस्ता. इथेही मठाला लागून खाणावळ होती, सामान खेचरांवरून वर यायचं. गर्दीचा डोंगराला ताप होतो म्हणून २०२४ मध्ये बंद केली. जावयांना हे पटतं, लेकीला पटत नाही, दोघांची तिथेच जुंपली. मला आधी राग आला. मग आमच्या गडावरच्या कणसांच्या बुरकंड्यांचे ढीग आठवले आणि मी गप्प बसले.

डब्यातली गार थालीपिठं काढली. पश्चिमेला मोन्सेर्रातचा करवतीसारखा कडा, दुसरीकडे धुरकट समुद्र. लसणाची चटणी तिघांना पुरली नाही.

उतरताना तीनदा घसरले, एकदा तर बसलेच. लेक पुढे होती, तिला कळलं नाही. जावयांनी पाहिलं, पण बोलले नाहीत.