पॉझिटिव्ह? पण पेशंट तर पुरुष आहे!

लॅबमध्ये एएनएच्या (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उलटलेल्या अँटीबॉडी शोधायची टेस्ट) स्लाइड्स मी वाचते. लोकांना वाटतं मशीनमधून रिपोर्ट बाहेर पडतो, पण आमच्याकडे अजूनही अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसावं लागतं. हेप-टू नावाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी पेशींवर पेशंटचं सीरम घातलेलं असतं, हिरवं कुठे आणि कसं चमकतं ते ओळखायचं.

ती स्लाइड तर पुस्तकात छापावी अशी होती. केंद्रक अखंड गुळगुळीत हिरवं, विभाजन चालू असलेल्या पेशींत क्रोमोसोमची पट्टी लख्ख, म्हणजे होमोजिनस (एकसारखा) पॅटर्न. सीरम १:८० इतकं पातळ केलं तर धडधाकट माणसांचंही कधीकधी चमकतं, पण हे १:१२८० इतकं पातळ करून पण चमकत होतं, आणि क्रिथिडिया या एकपेशीय जीवावर करतात ती डीएसडीएनए टेस्ट (डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी, ल्युपसची मोठी खूण) सुद्धा पॉझिटिव्ह.

सरांनी फॉर्म बघितला. पुरुष, वय २७. "सॅम्पल बदललंय, रिपीट लाव." का, तर ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) बायकांना होतो. होतो ना, तरुण वयात साधारण नऊ बायकांमागे एक पुरुष, पण तो एक कुठल्या तरी लॅबमध्ये येणारच की! बारकोड जुळत होता, मूळ ट्यूबमधून परत लावलं, तेच आलं. त्यात दिवस गेला, आणि तिकडे त्याच्या लघवीतून प्रोटीन जात होतं, म्हणजे किडनीला मार बसत होता. बाईचा रिपोर्ट असता तर लगेच सही झाली असती. (अर्थात बायकांना आधी 'हार्मोन्समुळे होतं' म्हणून महिनोन्महिने फिरवतात, ते वेगळंच.)

त्याच्या डॉक्टर मॅडम मात्र हुशार. उंच, दाढी विरळ, लग्नाला वर्षं झाली पण मूल नाही, एवढ्यावरून कॅरिओटाइप (क्रोमोसोम मोजायची टेस्ट) पाठवला. ४७,एक्सएक्सवाय, पुरुषात एक एक्स जास्तीचा, म्हणजे क्लाइनफेल्टर सिंड्रोम. पाच-सहाशे मुलग्यांमागे एकाला असतो, बऱ्याच जणांना आयुष्यभर पत्ता नसतो. अशा पुरुषांत ल्युपस इतर पुरुषांच्या सुमारे चौदापट, जवळजवळ बायकांइतका.

मग वाद, असं का होतं यावर. सर म्हणतात टेस्टोस्टेरॉन कमी, ते अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना आवरतं, आवर गेला. मॅडम म्हणतात एक्स दोन आहेत, दुसरा गप्प केलेला असतो खरा पण टीएलआर७ सारखी, आरएनए ओळखणारी जीन काही पेशींत त्यातून निसटते आणि मग आरएनए दिसला की पेशी जास्तच भडकते. मला मॅडमचं पटतं, पण ह्या माणसात दोन्ही एकत्र आहे, वेगळं काढणार कसं? आता टेस्टोस्टेरॉन सुरू केलंय. एएनए परत करून काही कळायचं नाही, ती वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते, डीएसडीएनए आणि सी३-सी४ (आजार भडकला की रक्तात कमी होणारी प्रोटीन्स) बघावे लागतील. पण स्टेरॉइड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही ल्युपसची औषधं पण चालू आहेत, मग आकडे सुधारले तर श्रेय द्यायचं कोणाला?